तांब्याचा बंब, किल्लारीची पहाट आणि हवेतली ऊब

डोंगरकड्यात आज नवे घर बांधायला काढले, की बोलणे स्लॅब, बोअर आणि फरशीवरून फिरत फिरत आंघोळीच्या पाण्यापर्यंत येते. चूल ठेवायची, गॅसचा गिझर लावायचा, विजेचा घ्यायचा की छतावर सोलर बसवायचा? या यादीत आता आणखी एका नावाची भर पडते आहे: हॉटेलांतून, इस्पितळांतून आणि वसतिगृहांतून हळूहळू घरांकडे सरकणारा, एसीच्या बाहेरच्या पेटीसारखा दिसणारा हीट पंप. प्रश्न साधा खरेदीचा दिसतो. पण त्याच्या उत्तरात पुण्याची तांबट आळी, ग्लासगोतला एक निबंध, झुरिचचे नगरभवन आणि १९९३ सालची एक पहाट गुंतलेली आहे. हा धागा त्या गुंत्याचा.

आधी गाव. डोंगरकडा हे कळमनुरी तालुक्यातले, नांदेड–हिंगोली रस्त्यावरचे गाव. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, पुढे परभणी जिल्ह्यात, आणि १ मे १९९९ पासून नव्या हिंगोली जिल्ह्यात. परिसर ऊस, केळी आणि हळदीचा. मे महिन्यात पारा ४२ अंशांपुढे जातो. डिसेंबर-जानेवारीत पहाट १० अंशांच्या आसपास उजाडते आणि त्याच दिवशी दुपारी अंगणात २८–३० अंश असतात. हा दुपार-पहाटेचा फरक पुढे फार महत्त्वाचा ठरणार आहे.

युरोपात हीट पंप म्हणजे घर तापवण्याचे साधन. मराठवाड्यात घर तापवण्याची गरज कोणालाच नसते. ते काम ऊन फुकटात करते. इथे ऊब लागते ती पाण्याला, तीही सकाळी तासभर. त्या एका तासासाठी पिढ्यान्‌पिढ्या किती इंधन जळाले, याकडे इतिहासाने फारसे लक्ष दिलेले नाही. राजेरजवाड्यांची व्यवस्था दिसते: देवगिरीच्या, म्हणजे दौलताबादच्या किल्ल्यावर शाही हमामखाना आजही पाहता येतो. सामान्य घरात मात्र अंगणातली चूल, तिच्यावर काळा पडलेला हंडा, आणि न्हाणीत पितळेचे घंगाळ. इंधन शेतातूनच यायचे: कपाशीच्या पऱ्हाट्या, तुराट्या, शेणाच्या गोवऱ्या. पहाटे उठून जाळ करणारी बहुधा घरातली बाई असे, आणि ज्या घरात बाळंतीण असे तिथे मे महिन्यातही कढत पाण्याची सुटका नसे.

शहरी घरांत याला एक देखणे उत्तर सापडले: बंब. तांब्याचे उभे नळकांडे, त्याच्या पोटातून वर जाणारी नळी, खाली जाळी आणि बाजूला तोटी. विस्तव नळीत, पाणी तिच्या भोवती. रशियन समोवारची आणि बंबाची रचना एकाच कुळातली आहे. जाळ चारही बाजूंनी पाण्याने वेढलेला असल्यामुळे उघड्या चुलीपेक्षा कितीतरी कमी लाकडात काम भागे. पुण्याच्या तांबट आळीतल्या कारागिरांनी ठोकून घडवलेले बंब घरोघरी गेले, आणि लाकडाच्या वखारींत त्यांच्यासाठी खास बारीक तुकडे विकले जाऊ लागले. त्यांचे नावच ‘बंबफोड’. भाषेने एखाद्या यंत्रासाठी इंधनाचा वेगळा शब्द घडवावा, एवढे ते यंत्र घराचे झाले होते. आज बंब बैठकीत शोभेला उभा असतो, हा भाग वेगळा.

गिझर हा शब्द तर आइसलंडमधल्या गरम पाण्याच्या फवाऱ्यावरून आला. १८६८ मध्ये लंडनच्या बेंजामिन वॉडी मॉन याने गॅसवर पाणी तापवणारे यंत्र काढले आणि त्याला हे नाव दिले. पुढे वीज आली आणि तापणारी तार थेट पाण्यात बुडाली. बालदीत टाकायची रॉड असो की भिंतीवरचा गिझर, तत्त्व एकच: एक युनिट वीज जाळायची आणि एक युनिट उष्णता मिळवायची. चूल, बंब, गिझर ही सगळी एकाच विचाराची मुले आहेत. उष्णता हवी, तर काहीतरी जाळून ती निर्माण करावी.

दुसरा विचार एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उगवला. १८२४ मध्ये सादी कार्नो या तरुण फ्रेंच अभियंत्याने वाफेच्या इंजिनाचा अभ्यास करताना दाखवले, की उष्णता गरम जागेकडून थंड जागेकडे जाताना काम करून घेता येते. मग उलट का नाही? बाहेरून काम पुरवले, तर उष्णता थंड जागेकडून गरम जागेकडे चढवता आली पाहिजे. जसे पाणी विहिरीतून वर उपसावे, तसे. १८३४ मध्ये जेकब पर्किन्सने लंडनमध्ये याच तत्त्वावरच्या बर्फयंत्राचे पेटंट घेतले. गंमत अशी, की त्याच वर्षी मुंबईत अमेरिकेहून जहाजाने बर्फ येऊ लागला होता. गोठलेल्या तळ्यांतून कापलेला, लाकडाच्या भुशात गुंडाळलेला. एकीकडे थंडी कापून समुद्रापार नेणारा व्यापार आणि दुसरीकडे ती जागच्या जागी घडवणारे यंत्र. व्यापाराचे दिवस भरत आले आहेत, हे त्या वर्षी कोणाला कळले नसेल.

मग १८५२ चा डिसेंबर. ग्लासगोचा अठ्ठावीस वर्षांचा प्राध्यापक विल्यम थॉमसन (लॉर्ड केल्व्हिन हा किताब त्याला चाळीस वर्षांनी मिळाला) याने एक छोटा निबंध वाचला. विषय होता, हवेच्या प्रवाहांनी इमारती काटकसरीने गरम किंवा थंड कशा करता येतील. या शीर्षकातल्या ‘किंवा’वर थांबायला हवे. त्याच सुमारास स्कॉटलंडचा राजखगोलशास्त्रज्ञ चार्ल्स पियाझी स्मिथ उष्ण प्रदेशांतल्या खोल्यांची हवा थंड कशी करावी याच्या योजना मांडत होता. वसाहतींतल्या गोऱ्या अधिकाऱ्यांना उन्हाळा सोसत नव्हता, हे त्यामागचे उघड कारण. थॉमसनने ओळखले, की उष्ण देशातली खोली थंड करणारे यंत्र आणि स्कॉटलंडमधली खोली गरम करणारे यंत्र ही दोन यंत्रे नव्हेत. तोंड कोणत्या बाजूला आहे, एवढाच फरक. आणि गरम करताना ते जेवढे इंधन खाईल, त्याहून कितीतरी जास्त उष्णता आत आणून टाकील, कारण बरीचशी उष्णता ते बाहेरच्या थंड हवेतूनच गोळा करील.

बाहेरच्या थंड हवेत उष्णता कुठली, हा प्रश्न येथे प्रत्येकाला पडतो. उत्तर असे, की शून्य अंशांची हवासुद्धा ‘उष्णताहीन’ नसते. तिच्यापेक्षा थंड काहीतरी समोर धरले, की ती आपली उष्णता देते. हीट पंपात असा एक द्रव फिरत असतो, जो फार कमी तापमानाला उकळतो. बाहेरच्या हवेची उष्णता घेऊन त्याची वाफ होते. कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो, दाबल्यामुळे ती तापते, आणि तापलेली वाफ पाण्याच्या टाकीभोवती आपली उष्णता सोडून पुन्हा द्रव होते. घरातल्या फ्रीजच्या मागची जाळी हाताला गरम लागते, ती याचमुळे.

थॉमसनचे यंत्र घरे तापवण्यासाठी कोणी बांधले नाही. कोळसा स्वस्त होता; काटकसर करण्याची निकड नव्हती. जिथे निकड होती, तिथे ते वेगळ्या रूपात अवतरले. ऑस्ट्रियातल्या एबेनझे येथे मिठागरात खारे पाणी आटवायला प्रचंड लाकूड लागे. १८५६–५७ मध्ये पेटर फोन रिटिंगर याने आटणाऱ्या पाण्याचीच वाफ दाबून, तापवून, तिच्यावर पुढचे पाणी आटवण्याचा प्रयोग उभारला. हीट पंपाचा हा पहिला खरा वापर मानला जातो. गुऱ्हाळाच्या काहिलीतून किंवा हळद शिजवण्याच्या कढईतून आकाशात जाणारी वाफ ज्याने पाहिली आहे, त्याला रिटिंगरची चुटपुट लगेच कळावी.

यानंतरची दखल घेण्याजोगी घटना थेट १९३८ ची. झुरिचचे नगरभवन लिम्मात नदीच्या काठाला, पाण्यावर पुढे आलेले. तिथल्या जुन्या शेगड्या काढून हीट पंप बसवला गेला; उष्णता घ्यायची ती नदीच्या गार पाण्यातून. स्वित्झर्लंडकडे कोळसा नाही, जलविद्युत मात्र मुबलक. युरोपावर युद्धाचे ढग होते आणि कोळसा शेजाऱ्यांकडून येत होता. हे यंत्र २००१ पर्यंत, म्हणजे त्रेसष्ट वर्षे चालले. पुढे १९७३ च्या तेलसंकटाने आणि २०२२ च्या युक्रेन युद्धाने युरोपला पुन्हा याच यंत्राकडे ढकलले. हीट पंपाचा इतिहास हा शोधाचा कमी आणि इंधनाच्या टंचाईचा जास्त आहे. घरे तापवण्याच्या यंत्राची कल्पना कित्येक दशके कागदावर पडून राहिली. लाकूड किंवा कोळसा हातचा जाऊ लागला तेव्हाच ती उचलली गेली.

मराठवाड्याला जवळचे उदाहरण मात्र युरोपचे नाही, जपानचे आहे. रोज कढत पाण्यात डुंबणे हा जपानी घराचा नेम. २००१ मध्ये तिथे केवळ घरगुती गरम पाण्यासाठी ‘इको क्यूट’ नावाने ओळखले जाणारे हीट पंप बाजारात आले. खोली तापवण्याशी त्यांना कर्तव्य नव्हते, स्नानाशी होते. रात्रीच्या स्वस्त विजेवर टाकी भरून तापवायची आणि दुसऱ्या दिवशी वापरायची, ही त्यांची रीत. डोंगरकड्यात हीच रीत उलटी करावी लागेल, ती का हे आकड्यांत पाहू.

पाच माणसांच्या घराला सकाळी १०० लिटर पाणी ३० अंशांनी तापवायचे आहे असे धरू. त्याला सुमारे साडेतीन युनिट उष्णता लागते. गिझर तेवढीच, किंवा टाकीतून होणाऱ्या गळतीमुळे थोडी जास्त वीज घेईल. उघडी चूल लाकडातल्या उष्णतेचा जेमतेम १० ते १५ टक्के भाग भांड्यापर्यंत पोहोचवते. म्हणजे रोज सहा ते आठ किलो सुके लाकूड. हीट पंपाने एका युनिट विजेत तीन युनिट उष्णता दिली, तर काम सव्वा युनिटच्या आत होते. उरलेली सव्वादोन युनिट उष्णता अंगणातल्या हवेतून येते.

‘तीन’ हा आकडा मात्र पक्का नसतो, आणि विक्रीच्या पत्रकावर तो जसा छापलेला असतो तसा तर नसतोच. कार्नोच्या गणितानुसार हवा आणि पाणी यांच्या तापमानात जेवढे अंतर कमी, तेवढे उपसणे सोपे. पाणी ५० अंशांवर न्यायचे आहे आणि पहाटेची हवा १० अंशांची आहे, तर तत्त्वतः कमाल मर्यादा आठपट. दुपारची हवा ३० अंशांची असेल, तर तीच मर्यादा सोळापट. प्रत्यक्ष यंत्रे या मर्यादेच्या निम्म्यापर्यंतही जात नाहीत, पण फरकाची दिशा तीच राहते. म्हणून जपानी माणसाने रात्री चालवलेले यंत्र डोंगरकड्यात दुपारी चालवावे. हिवाळ्यातली दुपारची ऊब टाकीत साठवायची आणि पहाटेच्या गारठ्यात अंगावर घ्यायची. छतावर सौर पॅनेल असतील, तर वीजही नेमकी त्याच वेळी तयार होते. टाकी असल्यामुळे सकाळी वीज गेली तरी पाणी गरम मिळते, हा ग्रामीण भागात लहान फायदा नाही.

मग सोलर का नको? जिथे छत मजबूत, सावली नाही आणि पाणी मऊ आहे, तिथे सोलर हाच पहिला पर्याय मानावा. त्याला वीज जवळजवळ लागतच नाही. पण बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने काचेच्या नळ्या आणि तांब्याच्या वाहिन्या चोंदतात. क्षार हीट पंपालाही सोडत नाहीत, गिझरलाही नाही. फक्त हीट पंपाची टाकी आणि तापणारी नळी वेगवेगळी असली, तर पाण्याशी थेट संबंध कमी येतो. खरेदी करताना हे एक विचारावेच. दुसरे असे, की कित्येक यंत्रे बाहेरच्या हवेच्या ४३ अंशांपर्यंतच चालण्यासाठी घडवलेली असतात. नांदेड-हिंगोलीचा मे महिना त्या रेषेला टेकतो. यंत्रावरच्या पट्टीवर ही मर्यादा छापलेली असते आणि ती क्वचितच कोणी वाचतो.

यंत्र ठरले, तरी ते ठेवायचे कुठे? या प्रश्नाशी मराठवाड्याच्या घरांचा इतिहास आडवा येतो.

इथले जुने घर म्हणजे धाब्याचे, माळवदाचे घर. दगडमातीच्या दोन-तीन फुटी भिंती, लाकडाच्या तुळया, त्यांवर लाकडाचा आडवा थर आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड लेप. गावठाणाला ‘पांढरी’ आणि शेताला ‘काळी’ म्हणणाऱ्या भाषेला ही माती चांगली ठाऊक आहे. उन्हाळ्यात या घराची करामत दिसे. दुपारची उष्णता भिंतीत शिरे, पण आत पोहोचेपर्यंत रात्र होई, आणि तोवर माणसे माळवदावर अंथरूण टाकून आभाळाखाली गेलेली असत. कोणतेही यंत्र नाही, वीज नाही. औरंगाबादच्या पाणचक्कीत हौदाखालचे दालन गार ठेवण्याची जी हुशारी आहे, तिचीच ही गरिबाघरची भावंडे.

पण माळवद गळते. गळू नये म्हणून दरवर्षी पावसाळ्यापूर्वी त्यावर मातीचा नवा थर पडे. वर्षांमागून वर्षे छत जड होत गेले, आणि आतल्या तुळया व मातीत रचलेले गोटे होते तेच राहिले.

३० सप्टेंबर १९९३. गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतरची पहाट, चार वाजायला थोडा अवकाश होता. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत किल्लारी-सास्तूरच्या परिसरात भूकंप झाला आणि सुमारे आठ हजार माणसे गेली. भूकंप जगातल्या मोठ्या भूकंपांत गणावा असा नव्हता. माणसे मेली ती मुख्यतः भिंतींच्या गोट्यांखाली आणि छताच्या मातीखाली. जे घर उन्हापासून जपत होते, त्यानेच झोपेत गाठले. त्यानंतर ५२ गावे नव्या जागी वसवली गेली, आणि आपत्तीच्या पट्ट्यापलीकडेही माळवदावरचा विश्वास उडाला. लोकांनी छतावरची माती उतरवून पत्रे टाकले. ऐपत होती त्यांनी स्लॅब.

पत्रा जीव घेत नाही, पण दुपारी घरात बसू देत नाही. आणि वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर दगड ठेवले जातात. २१ मार्च २०२४ रोजी हिंगोली-नांदेड परिसराला ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, तेव्हा प्रशासनाने आवाहन केले ते हेच: पत्र्यांवरचे आधाराचे दगड काढून घ्या. त्याच वर्षी १० जुलैला पुन्हा तेवढ्याच तीव्रतेचा धक्का आला, केंद्र कळमनुरी तालुक्यात. म्हणजे डोंगरकड्याच्याच तालुक्यात.

म्हणून पाण्याच्या यंत्राचा प्रश्न वजनाचाही प्रश्न आहे. २०० लिटरची भरलेली टाकी म्हणजे पाण्याचेच २०० किलो, टाकीचे लोखंड वेगळे. पत्र्याच्या सांगाड्यावर किंवा जुन्या मातीच्या भिंतीवर ती चढवणे म्हणजे उतरवलेली माती पुन्हा डोक्यावर घेणे. सोलरला वर गेल्याशिवाय गत्यंतर नसते. हीट पंपाला ऊन लागत नाही, हवा लागते, आणि हवा जमिनीवरही आहे. न्हाणीघराच्या बाहेर सिमेंटचा ओटा करून त्यावर यंत्र व टाकी ठेवता येते. जुन्या भिंतींच्या घराला या एका कारणासाठी हीट पंप सोलरपेक्षा सरस ठरतो, आणि हे कारण कोणत्याही पत्रकात छापलेले नसते.

जमिनीवर ठेवलेल्या यंत्राचे आणखी एक वैशिष्ट्य आहे, आणि ते थॉमसनच्या त्या ‘किंवा’कडे नेते. पाण्यात गेलेली उष्णता हवेतून काढलेली असते, त्यामुळे यंत्राच्या पंख्यातून बाहेर पडणारी हवा गार असते. सव्वादोन युनिट उष्णता काढून घेणे म्हणजे एक टनाचा एसी सुमारे चाळीस मिनिटे चालवण्याइतके काम. पत्र्याखालची खोली तेवढ्याने दिवसभर थंड राहणार नाही, हे खरे. पण मार्चच्या अखेरीपासून, घरात बाळंतीण असेल तर भर मे महिन्यातही, जेव्हा पाणी तापते आहे तेव्हा ही हवा पत्र्याच्या पन्हळीतून स्वयंपाकघराच्या खिडकीशी सोडता येते. भाकरी थापणाऱ्या बाईच्या पाठीला ती लागेल एवढ्या उंचीवर. डिसेंबरात पन्हळीचे तोंड अंगणाकडे फिरवून ठेवायचे.